फ्लेक्सवरचा फोटो, विकतची यादी आणि साठ हजारांचं सर्टिफिकेट

सप्रेम नमस्कार,

आम्ही नवरा-बायको लातूरमध्ये गेली अकरा वर्षं अकरावी-बारावीचा क्लास चालवतो. यंदा दोनशे दहा मुलं आहेत. बारावीच्या निकालानंतर नेहमीप्रमाणे चौकात फ्लेक्स लावला. पंधरा दिवसांनी एका मुलीची आई क्लासमध्ये आली. फ्लेक्सवर मुलीचा फोटो, पूर्ण नाव, गाव आणि मार्क होते. तेवढ्यावरून कुणीतरी तिला इन्स्टाग्रामवर शोधून काढलं आणि रोज मेसेज पाठवायला लागलं. आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, आम्हाला एकदा विचारायचं तरी होतं." फ्लेक्स त्याच दिवशी उतरवला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

त्यातच एक सल्लागार येऊन गेले. डेटाचा कायदा आलाय, अडीचशे कोटी दंड आहे, साठ हजारांत सर्टिफिकेट देतो म्हणाले. यजमान म्हणतात, सगळेच असंच चालवतात, आपल्याला कोण विचारतंय? आम्ही मुलांच्या आधारची झेरॉक्स घेतो, अंगठ्याचं हजेरी मशीन आहे, पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. आणि खोटं कशाला बोलू, दहावीच्या मुलांच्या नंबरांची यादी दरवर्षी एजंटकडून विकत घेतो. सर्टिफिकेट घ्यावं का? आणि नेमकं काय बदलायचं?

— एक क्लासचालक, लातूर

ताई, सर्टिफिकेट घेऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा तो कायदा. लोक त्याला डीपीडीपी म्हणतात. भिंतीवर लावलं की झालं, असं कुठलंही प्रमाणपत्र या कायद्यात नाही. स्वतंत्र ऑडिट आणि डेटा संरक्षण अधिकारी नेमायची सक्ती आहे, पण ती केंद्र सरकार ज्यांना 'महत्त्वाचे' म्हणून जाहीर करेल त्या मोठ्या संस्थांना. दोनशे दहा मुलांचा क्लास त्यात येण्याची शक्यता नाही. खर्च करायचाच असेल तर एखाद्या वकिलाला अर्धा दिवस बसवून तुमचा प्रवेश फॉर्म आणि हजेरीचं किंवा फीचं अ‍ॅप वापरत असाल तर त्या कंपनीशी झालेला करार वाचून घ्या. ते पैसे सार्थकी लागतील.

अडीचशे कोटींचा आकडा खरा आहे, पण सांगितला अर्धाच. लोकांची माहिती सांभाळण्यासाठी पुरेशी काळजी घेतली नाही तर होणाऱ्या दंडाची ती कमाल मर्यादा आहे. माहिती फुटली आणि कळवलं नाही तर दोनशे कोटींपर्यंत, मुलांच्या माहितीबाबतचे नियम मोडले तरी दोनशे कोटींपर्यंत. प्रत्येक ठिकाणी 'पर्यंत' हा शब्द आहे. किती दंड लावायचा हे ठरवताना चूक किती गंभीर, किती काळ चालली, पुन्हापुन्हा झाली का, त्यातून फायदा किती कमावला आणि नुकसान कमी करण्यासाठी काय केलं, हे या कायद्याखालच्या तक्रारी बघणाऱ्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाने बघायचं आहे. तुमच्याएवढ्या क्लासला कोटींची भीती घालणारा माणूस तुम्हाला कायदा समजावून सांगत नसतो, काहीतरी विकत असतो.

मात्र यावरून यजमानांनी 'बघ, मी म्हणत होतो' असं म्हणू नये. आपल्याला कोण विचारतंय, असं ते म्हणतात. एक आई येऊन विचारून गेली की.

आधी तारखांचं बघू, म्हणजे घाई कशाची आणि कशाची नाही ते कळेल. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. त्यानंतर समित्या झाल्या, मसुदे झाले, एक विधेयक मागेही घेतलं गेलं. अखेर ११ ऑगस्ट २०२३ ला या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यासोबतच्या अधिसूचनेनुसार तुमच्या-माझ्या कामाच्या तरतुदी, म्हणजे संमती, सूचना, सुरक्षा, मुलांची माहिती आणि दंड, अठरा महिन्यांनी म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. 'मग अजून वेळ आहे' असं वाटेल. पण आज ज्या मुलाचा फॉर्म भरून घ्याल त्याची माहिती तेव्हाही तुमच्या कॉम्प्युटरवर असेल, आणि आधी घेतलेल्या संमतीबद्दलही नंतर नव्या पद्धतीची सूचना द्यावीच लागते. यंदाचा प्रवेश नीट केला तर काम एकदाच होईल.

या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडते. इंग्रजी मसुद्यात ज्या व्यक्तीची माहिती आहे तिच्यासाठी सगळीकडे 'ती' हे सर्वनाम वापरलंय आणि व्याख्येतच सांगितलंय की 'ती' म्हणजे कोणत्याही लिंगाची व्यक्ती. आणि माहिती घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, कायद्याने दिलेलं नाव आहे 'डेटा फिड्युशिअरी'. शब्द जड आहे, पण मराठीत आपल्याकडे त्यासाठी जुना आणि चांगला शब्द आहे: विश्वस्त. दुसऱ्याची ठेव सांभाळणारा. मुलीचा फोटो आईने तुमच्याकडे प्रवेशाच्या फॉर्मवर चिकटवायला दिला होता. तुम्ही तो चौकात लावलात. तुम्हाला जे बोचतंय ते हेच आहे, आणि कायद्याचाही रोख तिथेच आहे: एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची तर पुन्हा विचारायचं.

म्हणून फ्लेक्सपासून सुरुवात करू.

प्रवेश घेतला म्हणजे जाहिरातीला होकार दिला, असं होत नाही. कायद्याला हवी असलेली संमती स्वेच्छेने दिलेली, नेमक्या कामापुरती, समजून-उमजून दिलेली आणि बिनशर्त असावी लागते, शिवाय स्पष्ट कृतीतून दिसावी लागते. 'प्रवेश घेणाऱ्याचा फोटो क्लास जाहिरातीसाठी वापरेल' ही फॉर्मच्या मागच्या बाजूची बारीक ओळ त्यात बसत नाही. आधीच टिक केलेला चौकोनही बसत नाही. आणि 'फोटोला हो म्हटलं तरच प्रवेश' हे तर नाहीच नाही. तेव्हा फोटोची संमती वेगळ्या कागदावर, निकालानंतर, फ्लेक्सचा नमुना समोर ठेवून घ्या. यात फोटो, नाव, मार्क आणि गाव हे चार वेगळे प्रश्न आहेत. कित्येक पालक नाव आणि मार्कांना आनंदाने हो म्हणतील, फोटोला नाही म्हणतील. गाव कशाला हवं, हे मला खरंच कळलेलं नाही. मुलगी सापडायला त्याचीच सगळ्यात जास्त मदत होते.

संमती कुणाची घ्यायची, हा इथला खरा गुंता आहे. कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल ते मूल, आणि त्याची माहिती वापरायला आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. पण बारावीची मुलं वर्षाच्या मध्येच कधीतरी अठराची होतात. प्रवेशाच्या वेळी आईची सही चालली, निकालाच्या वेळी ती मुलगी सज्ञान असली तर होकार तिचा स्वतःचा लागेल, आईचा नव्हे. जन्मतारीख तुमच्याकडे असतेच, ती बघून ठरवा. आणि कायद्याच्या पुढे जाऊन माझं एक सांगणं: मुलगी सतराची असली तरी तिलाही विचारा. बाबांनी कौतुकाने हो म्हटलं आणि लेकीला ते नको होतं, अशी घरं कमी नाहीत.

दिलेली संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. सही करायला दोन मिनिटं लागली असतील तर 'फोटो काढा' म्हणायलाही तेवढाच वेळ लागावा. 'सर आल्यावर अर्ज द्या' चालणार नाही.

आता त्या आईचं. फ्लेक्स उतरवलात, चांगलं केलंत. पण तोच फोटो क्लासच्या इन्स्टाग्रामवर आहे, फेसबुकवर आहे, यजमानांच्या स्टेटसवरून दहा जणांनी पुढे पाठवला आहे, फ्लेक्स छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर फाइल आहे आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकासाठी डिझायनरकडेही असेल. जिथे तुमचा हात पोचतो तिथून तो काढा. फ्लेक्सवाल्याला फाइल पुसायला सांगा आणि पुसल्याचा मेसेज घ्या. मग त्या घरी जाऊन कुठून कुठून काढलं ते एका कागदावर लिहून द्या. मेसेज पाठवणारा थांबला नसेल तर तो वेगळा गुन्हा आहे. नको म्हटल्यावरही बाईचा असा पाठपुरावा करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतं. मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, मुलगी अठराच्या आतली असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ आहे. पोलीस ठाण्यात जायचं ठरलं तर तुम्ही सोबत जा. तिला एकटं जावं लागू नये. तिच्या अडचणीचा निम्मा भाग तुमच्या फ्लेक्सवरून निघाला आहे.

प्रवेशाच्या फॉर्मबद्दल. क्लासेसचे फॉर्म बहुतेक एकमेकांवरून उतरवलेले असतात. मागे एका क्लासचा फॉर्म लाल पेन घेऊन बघत होते. एकतीस रकाने होते. जात, धर्म, वडिलांचं वार्षिक उत्पन्न, आईचं शिक्षण, भावंडं किती आणि ती कुठल्या शाळेत, रक्तगट. प्रत्येक रकान्यापाशी मी एकच विचारत होते, "याचं तुम्ही करता काय?" जातीच्या रकान्यापाशी चालक बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "काहीच नाही. पहिल्यापासून आहे." भावंडांचा रकाना कशासाठी, ते मात्र त्यांना लगेच सांगता आलं: दोन वर्षांनी त्यांना फोन करायला. शेवटी नऊ रकाने उरले. तुम्ही दोघं एका संध्याकाळी हेच करा. कायदाही हेच सांगतो, की सांगितलेल्या कामाला जेवढी लागते तेवढीच माहिती घ्यायची, आणि जास्तीच्या माहितीला कुणी सही करून दिली असली तरी त्या कामापलीकडे ती संमती मोजली जात नाही. साठ हजार न घालवता तुमची सगळ्यात मोठी जोखीम इथेच कमी होईल. जे घेतलंच नाही ते फुटणार कसं?

उरलेल्या रकान्यांसाठी एक सूचना द्यावी लागते. नियमांनुसार ती बाकी अटींपासून वेगळी, साध्या भाषेत आणि स्वतंत्रपणे वाचली तरी कळेल अशी हवी. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. तुमच्याकडे सरळ मराठीतच द्या. वकिली भाषा नको. मी लिहिलं तर साधारण असं लिहीन:

"आम्ही तुमच्या पाल्याचं नाव, जन्मतारीख, कॉलेज आणि दहावीचे मार्क घेतो, ते प्रवेश देण्यासाठी आणि बॅच ठरवण्यासाठी. पालकांचा एक मोबाइल नंबर घेतो, तो हजेरी, परीक्षा आणि फी कळवण्यासाठी. ही माहिती ऑफिसातल्या दोघांना आणि हजेरीचं अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीला दिसते, आणखी कुणाला नाही. क्लास संपल्यावर एक वर्षाने ती पुसून टाकतो. फीच्या पावत्या कराच्या कायद्यात सांगितलेल्या मुदतीपर्यंत ठेवतो. माहिती बघायची असेल, दुरुस्त करायची असेल किंवा संमती मागे घ्यायची असेल तर खालच्या नंबरवर एक मेसेज पुरे. आमच्या उत्तराने समाधान झालं नाही तर डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे तक्रार करता येते."

यातलं प्रत्येक वाक्य खरं असायला हवं. 'आणखी कुणाला नाही' असं लिहिलं आणि ती यादी स्पर्धा परीक्षेच्या एखाद्या क्लासला दिली, तर ही सूचना तुमच्याच विरुद्ध पुरावा होईल. खालचा नंबर जो उचलतो त्याला विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते माहीत हवं. तक्रारीला उत्तर द्यायला नियमांनी जास्तीत जास्त नव्वद दिवस दिले आहेत. तुमच्याएवढ्या क्लासला नऊ दिवसही खूप झाले.

पालकांची संमती पडताळायची म्हणजे आधारची झेरॉक्स गोळा करायची, असं समजू नका. आई किंवा वडील प्रवेशाला समोर येतातच. त्यांनी स्वतःहून दाखवलेलं ओळखपत्र बघा, 'बघितलं' अशी तारखेसह नोंद करा आणि परत द्या. आतापर्यंत घेतलेल्या आधारचं काय होतं, ते एकदा डोळ्यांनी बघा. पालक व्हॉट्सअ‍ॅपवर आधारचा फोटो पाठवतात. तो ऑफिसातल्या मुलीच्या स्वतःच्या फोनच्या गॅलरीत जातो, तिच्या घरच्या फोटोंच्या मध्ये बसतो आणि रात्री तिच्या खासगी गुगल खात्यावर आपोआप चढतो. ती नोकरी सोडून गेली की दोनशे मुलांचे आधार नंबर तिच्यासोबत जातात. तिची यात काही चूक नाही. तुम्ही तिला दुसरा फोनच दिला नाहीत. एक साधा फोन क्लासच्या नावाने घ्या आणि सगळा व्यवहार त्यावरून करा. कधी आधार घ्यावंच लागलं तर मास्क केलेलं मागा, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढता येतं.

अंगठ्याचं मशीन काढून टाका. शैक्षणिक संस्थांना मुलांच्या हालचालींवर लक्ष ठेवण्याबाबत नियमांत थोडी सवलत आहे, पण ती शिक्षणाच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती. तिच्या आडोशाला फार पुढे जाऊ नये, असं माझं मत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. दोनशे दहा मुलांची हजेरी नाव पुकारून दहा मिनिटांत होते, आणि नाव पुकारताना शिक्षकाची नजर एकदा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जाते, हा फायदा वेगळाच. मशीन भंगारात देण्याआधी त्यातले ठसे पुसले गेले याची मात्र पुरवठादाराकडून खात्री करून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपचे मोठे ग्रुपही मला खटकतात. तिथे प्रत्येक पालकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. मार्क ग्रुपवर टाकणं तर आजच बंद करा, कायद्यासाठी थांबू नका. सर्वसाधारण सूचनांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. पालकांनी क्लासचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच तो मेसेज पोचतो, एवढं प्रवेशाच्या वेळी सांगा.

हजेरीचं किंवा फीचं अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीकडून माहिती फुटली तर जबाबदारी कुणाची? तुमची. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी कायदा आधी तुम्हालाच विचारतो. म्हणून तिच्याशी लेखी करार हवा आणि त्यात निदान एवढं असावं: माहिती दुसऱ्या कामाला वापरणार नाही, काम थांबलं की पुसून टाकेल, काही गडबड झाली तर लगेच कळवेल. फुकटच्या अ‍ॅपपासून जास्त सावध राहा.

काही फुटलंच तर? ऑफिसचा फोन हरवला, चुकीच्या ग्रुपवर एक्सेल शीट गेली, सोडून गेलेल्या शिक्षकाने यादी नेऊन शेजारच्या गल्लीत स्वतःचा क्लास काढला: कायद्याच्या भाषेत हे सगळं 'ब्रीच' आहे. छोटं म्हणून माफ, अशी सूट त्यात नाही. ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येक पालकाला विनाविलंब सांगायचं. काय गेलं, त्यातून काय होऊ शकतं, आम्ही काय केलं, तुम्ही काय करावं. बोर्डालाही लगेच कळवायचं आणि ७२ तासांत सविस्तर. माझ्या अनुभवात माणसं इथेच सगळ्यात जास्त घसरतात, कारण पहिली ऊर्मी झाकायची असते. म्हणून कोण कुणाला फोन करणार ते आधीच एका पानावर लिहून ऑफिसात ठेवा. आणि शिक्षक सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला.

जुनी माहिती. कपाटातल्या निव्वळ कागदी फॉर्मांना हा कायदा लागू नाही. स्कॅन केले किंवा कॉम्प्युटरवर उतरवले की लागू. अकरा वर्षांच्या एक्सेल फाइलींतून हिशेब वेगळा काढा. जीएसटीसाठी तो वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावा लागतो, पण त्यासाठी मुलीचा फोटो किंवा आईचा नंबर लागत नाही. प्रक्रियेच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायला नियमांनी सांगितलं आहे, म्हणून वर सूचनेत मी 'एक वर्षाने' लिहिलं. बाकीचं पुसा. २०१६ ची मुलं आज नोकरीला लागली असतील. त्यांचे फोटो तुम्ही अजून का सांभाळताय?

राहिली यादी. तुम्ही ती न लपवता लिहिलीत, म्हणून मीही आडपडदा ठेवत नाही. माझ्या भाचीने दहावीनंतर एका क्लासमध्ये चौकशीचा फॉर्म भरला होता. संध्याकाळपर्यंत तिच्या आईला दुसऱ्या तीन क्लासेसचे फोन आले, आणि तिघांनाही भाचीचे दहावीचे मार्क माहीत होते. बहिणीने मला विचारलं, "हे त्यांना कुणी सांगितलं?" आम्हाला ते कधीच कळलं नाही. तुमच्या यादीतल्या प्रत्येक नंबरापलीकडे अशी एक आई आहे.

कायद्याने या यादीला कुठेच आधार मिळत नाही. त्या पालकांनी तुम्हाला संमती दिलेली नाही. शाळेला, झेरॉक्सच्या दुकानाला किंवा दुसऱ्या क्लासला काही दिलं असेल तर ते त्यांच्या कामापुरतं. माणसाने स्वतःहून एखाद्या कामासाठी नंबर दिला तर त्या कामापुरता वापरायची मुभा कायदा देतो, पण यांनी तुम्हाला दिलेलाच नाही. एजंटकडून पावती घेतली म्हणून ती माहिती तुमची होत नाही. शिवाय मुलांना लक्ष्य करून जाहिरात करणं या कायद्याने वेगळं मना केलं आहे, आणि नको असलेल्या व्यापारी फोनवर 'ट्राय'चे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१८ चे नियम आजही लागू आहेत. म्हणजे इथे मे २०२७ ची वाट बघण्यासारखंही काही नाही.

यात तुमचं नुकसान आहे, आणि ते नाही असं मी म्हणणार नाही. शेजारचा क्लास फोन करत राहील आणि एखाद्या वर्षी तुमची पंधरा-वीस मुलं कमी होतील. अकरा वर्षांच्या क्लासकडे मात्र यादीवाल्याकडे नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे स्वतः शिकवलेली मुलं आणि त्यांची घरं. एप्रिलमध्ये रविवारी सकाळी मोकळा वर्ग ठेवा, ज्याला यायचं तो येईल. आलेल्या पालकांना विचारा, "पुढे फोन केला तर चालेल का?" जे हो म्हणतील त्यांचाच नंबर, त्यांच्या हाताने, तारखेसह लिहून घ्या. चाळीसच नंबर मिळतील, पण ते चाळीस जण फोन उचलतील.

आधीच्या याद्या पेन ड्राइव्हवर, ईमेलमध्ये, फोनमध्ये जिथे असतील तिथून पुसा. यजमानांसोबत बसून पुसा, म्हणजे एखादी 'असू दे' म्हणून राहणार नाही. आणि परीक्षा संपल्या की एजंटचा फोन येईलच, तो तुम्ही उचला. त्याला समजावत बसायची गरज नाही. "यंदा यादी नको, आणि आमच्या मुलांची यादी कुणाला द्यायचीही नाही," एवढं सांगा. त्याने तुमच्या मुलांची यादी आधी कुणाला विकली का, तेही त्याच फोनवर विचारा.